गुडघ्याचं दुखणं खरं, मग मनाचंच खोटं का?



परवा नंदुरबारला एका घरी शाता विचारायला गेले होते. घरातली चाळिशीतली सून सहा महिन्यांपासून आजारी आहे. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं आहे, गोळ्या सुरू आहेत. ती आतल्या खोलीत होती आणि दार लोटलेलं होतं. बाहेर आम्ही आठ-दहा जणी चहा घेत बसलो होतो. एक जण म्हणाली, "सामायिक नियमित केली असती तर ही वेळच आली नसती." दुसरी म्हणाली, "कर्माचा उदय आहे, त्याला गोळ्या काय करणार?" तिसरीने उपायच सांगून टाकला, "या पर्युषणात अठाई कर म्हणावं, सगळं मोकळं होईल." सगळं हळू आवाजात, पण लोटलेल्या दाराआड नक्की ऐकू जाईल इतपत.

यातल्या दुसऱ्या बाईंनी गेल्या वर्षी सुरतला जाऊन दोन्ही गुडघे बदलून घेतले. तेव्हा त्यांना कर्माचा उदय कोणी ऐकवला नव्हता. आम्ही डबे पाठवले, फिजिओथेरपीवाल्याचा नंबर दिला, जिना चढता येतो का म्हणून विचारलं. असातावेदनीय कर्म गुडघ्यात उदयाला आलं तर सर्जन, आणि मनात उदयाला आलं तर उपदेश. हा हिशोब मला जुळेना.

वाईट याचं वाटतं की मी तिथे गप्प बसले. कोरीटला परत येताना बसमध्ये स्वतःचाच राग येत होता. म्हणून आज लिहिते आहे. कोणाला लागलं तर लागू द्या, मलाही लागलंच आहे.

माळ तीच होती, गोळी बदलली होती

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही, आधी अंगावर आलेलं सांगते. तीन वर्षांपूर्वी मिरचीच्या हंगामात माझा दमा वाढला. आपल्याकडे पथाऱ्यांवर मिरची पडली की ठसका कोणाला चुकत नाही, पण मला रात्रभर बसून काढावी लागायची. डॉक्टरांनी काही दिवसांसाठी प्रेडनिसोलोन दिलं, म्हणजे स्टेरॉइडची गोळी. दम थांबला, पण चौथ्या दिवसापासून झोप गेली. पहाटे तीनला उठून मी मांडणीवरचे डबे पुसत बसायची. एक कप फुटला म्हणून सुनेला इतकं बोलले की ती रडली, आणि ती रडली म्हणून मग मीही तासभर रडले. वय झालं, स्वभाव बिघडला, असं मला वाटू लागलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनीच विचारलं, "काकू, चिडचिड होते का? झोप लागते का?" मी थक्क झाले. ते म्हणाले की ही गोळी म्हणजे शरीरात ताणाच्या वेळी तयार होणाऱ्या कॉर्टिसोल नावाच्या हार्मोनची सख्खी बहीण आहे, काहींच्या मनावर तिचा परिणाम होतो. त्यांनी ती एकदम बंद केली नाही, हळूहळू कमी केली. काही आठवड्यांत मी पूर्वीसारखी झाले.

त्या सगळ्या दिवसांत माझी नवकाराची माळ एकदाही चुकली नव्हती. श्रद्धा तीच, घर तेच, सून तीच. बदलली होती ती एक छोटी गोळी. तेव्हापासून "तिची श्रद्धा कमी पडली" हे वाक्य कोणी उच्चारलं की मला तो फुटलेला कप आठवतो.

शरीराचं कॅश क्रेडिट

मी बी.कॉम. झालेली बाई, डॉक्टर नाही. त्यामुळे मला जसं समजलं तसं, दुकानाच्या भाषेत सांगते.

संकट आलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो. पिट्यूटरी पुढचा निरोप रक्तातून खाली पाठवते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात, त्या निरोप मिळताच कॉर्टिसोल सोडतात. रक्तात साखर वाढते, अंगात बळ येतं. हे वाईट नाही. कॉर्टिसोल नसेल तर माणूस जगणारच नाही. बँकेचं कॅश क्रेडिट असतं ना, तसंच. हंगामात माल भरायला पैसे उचलायचे, विक्री झाली की भरून टाकायचे.

शरीरातही परतफेडीची सोय आहे. कॉर्टिसोल पुरेसं झालं की तेच मेंदूला जाऊन सांगतं, "पुरे, आता थांबवा." ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये उंदरांवर काम करून दाखवलं की ताणाचं हे हार्मोन मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन बसतं. आठवणी आणि भावना यांच्याशी जोडलेला हा भाग आहे. म्हणजे ताणाचं रसायन आणि मनाचं घर एकमेकांना लागून आहेत.

बिघडतं कधी? हंगाम संपतच नाही तेव्हा. आजारी सासरे, कर्जातलं दुकान, नवऱ्याचं दारूचं व्यसन, रोजचा अपमान असं वर्षानुवर्षं चाललं, तर काहींच्या शरीरात "पुरे" हा निरोप मेंदूला नीट पोचेनासा होतो. खातं कायम ओव्हरड्राफ्टमध्ये राहतं आणि व्याज चढत जातं. ते व्याज झोपेतून, भुकेतून, स्मरणातून आणि मनातून वसूल होतं. तीव्र डिप्रेशनच्या बऱ्याच रुग्णांमध्ये कॉर्टिसोल वाढलेलं आढळतं, हे डॉक्टरांना कित्येक दशकांपासून माहीत आहे. उलट बाजूने पाहा. कुशिंग नावाच्या आजारात शरीर गरजेपेक्षा फार जास्त कॉर्टिसोल बनवतं, आणि त्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना डिप्रेशन येतं. मूळ आजार बरा केला की त्यातल्या अनेकांचं मनही सावरतं. त्यांनी काय मध्येच श्रद्धा सोडली आणि मध्येच धरली?

आता एक घरातली गोष्ट. कॉर्टिसोलला दिवसाचं घड्याळ असतं. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी आणि सकाळी उठल्यानंतर सर्वांत जास्त असतं. डिप्रेशनच्या एका प्रकारात माणसाला पहाटे तीन-चारला जाग येते, सकाळ डोंगराएवढी जड जाते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं. डॉक्टर हे लक्षण म्हणूनच लिहून घेतात. आणि आपण काय म्हणतो? "संध्याकाळी पोरांबरोबर हसत होती, सकाळी कामाच्या वेळेलाच बरं दुखणं येतं हिला!" मैत्रिणींनो, आपण तिचं लक्षण तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरतो.

दुसरा एकांतही नको

एवढं वाचून कोणी उद्या लॅबमध्ये कॉर्टिसोल तपासायला जाऊ नका. डिप्रेशनच्या प्रत्येक रुग्णात ते वाढलेलं नसतं आणि वाढलेल्या प्रत्येकाला डिप्रेशन नसतं. १९८० च्या सुमारास अशा एका हार्मोन तपासणीने डिप्रेशन ओळखता येईल अशी मोठी आशा होती, पण ती तपासणी रोगनिदानाला पुरी पडली नाही. आजही डॉक्टर बोलून, विचारून, वेळ देऊनच निदान करतात. रक्त तपासतात ते थायरॉइड, बी-१२ असं दुसरं काही आहे का हे पाहायला. आणि मोबाइलवर "कॉर्टिसोल उतरवणारी" पावडर विकणाऱ्या रील फिरतात ना, त्या सुनेला पाठवू नका. आपल्या भीतीवर त्यांचं दुकान चालतं.

"सगळं कर्मच" हा एकांत, तसाच "सगळं हार्मोनच" हाही एकांत. अनुवंश, बाळंतपण, बालपणीचे घाव, शोक, घरातली वागणूक आणि शरीरातली रसायनं, सगळे मिळून हा आजार घडवतात. अनेकांतवाद आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो. तो घरातल्या आजारी माणसाला लावायचा नाही तर कुठे लावायचा?

कर्माचं नाव घेऊन हात झटकू नका

कर्मसिद्धांत मला अमान्य नाही. माझं भांडण त्याच्या अर्धवट वापराशी आहे. आपल्याकडे कोणत्याही घटनेला पाच समवाय सांगितले आहेत: काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. पाचातलं एकच उचलायचं आणि तेही दुसऱ्याच्या सुनेसाठी, हे कोणतं तत्त्वज्ञान? डॉक्टरकडे जाणं, गोळी वेळेवर घेणं, उठवत नसताना उठून आंघोळ करणं, हा त्या मुलीचा पुरुषार्थच आहे. आणि मेंदू काय, हार्मोन काय, गोळी काय, सगळं पुद्गलच. पुद्गलाच्या बिघाडाला पुद्गलाचं औषध दिलं तर आत्म्याला कमीपणा कुठे येतो?

आर्तध्यानाचंही तेच. "सतत रडणं म्हणजे आर्तध्यान, त्याने कर्मबंध होतो," असं आजारी बाईला सांगणारे मी पाहिले आहेत. आधीच तिला वाटत असतं की आपण कोणाच्या कामाच्या नाही, आपल्यामुळे घराला त्रास आहे. त्यावर आपण पापाचं ओझं ठेवतो. शास्त्रातला शब्द स्वतःला तपासायला आहे, पडलेल्या माणसाला मारायला नाही.

"तपाचं तेज" म्हणालो, तो आजार होता

आता सर्वांत महत्त्वाचं. आमच्या नात्यातल्या एका मुलीला बायपोलर आजार आहे. या आजारात कधी मन खोल खचतं आणि कधी भलतंच उंच उडतं. ती लिथियमच्या गोळीवर छान सावरली होती, नोकरी करत होती. एका चातुर्मासात सगळ्यांनी उत्साह दिला आणि तिने अठाई घेतली. उपवासात गोळी चालत नाही म्हणून गोळी बंद केली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती झोपेनाशी झाली. रात्रभर स्तवनं म्हणायची, भराभर बोलायची, घरभर फिरायची. आम्ही सगळ्या कौतुकाने म्हणालो, "बघा तपाचं तेज!" पारण्याच्या आधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ते तेज नव्हतं, तो उसळलेला आजार होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला जे समजावलं ते प्रत्येक घराने ऐकावं.

लिथियम अचानक बंद केलं तर आजार जोराने उलटू शकतो. बंद न करता पाण्याशिवाय उपवास केला तर दुसरा धोका. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम लघवीवाटे नीट बाहेर पडत नाही, रक्तात साचतं. हात जोरात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. वेळीच दवाखाना गाठला नाही तर जिवावर बेतू शकतं.

बायपोलरमध्ये झोप तुटणं हेच मोठं निमित्त ठरतं. रात्रीच्या जागरणाचा आग्रह अशा माणसाला करू नये.

डिप्रेशनच्या गोळ्या मनाने एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश होतो आणि आजार परतण्याची भीती असते. बरं वाटतंय ते गोळीमुळे, गोळीची गरज संपली म्हणून नव्हे. कधी आणि कशी कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील.

स्टेरॉइड बरेच दिवस सुरू असेल तर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. ते अचानक थांबवणं फार धोक्याचं आहे.

आणि दीर्घ उपाशीपण हा शरीराच्या दृष्टीने ताणच आहे, उपवासात कॉर्टिसोल वाढतं. निरोगी माणूस ते पेलतो. ज्याचं खातं आधीच ओव्हरड्राफ्टमध्ये आहे त्याच्याकडून आणखी उचल करायला लावू नका.

यावर कोणी म्हणेल, मग आजारी माणसाने धर्म करायचाच नाही का? करायचा ना! पच्चक्खाणात आगार का ठेवले आहेत? त्यात एक आगार सर्व समाधीसाठीचाच आहे. असह्य पीडा झाली, समाधी ढळू लागली, तर औषधाची वाट आपल्या पूर्वाचार्यांनी उघडी ठेवली. ते आपल्यापेक्षा दयाळू होते आणि व्यवहारीही. उणोदरी आहे, विगयत्याग आहे, स्वाध्याय आहे, वैयावच्च आहे. तपाचे बारा प्रकार आहेत आणि अनशन त्यातला फक्त एक.

बायका मला विचारतात त्या दोन अडचणींचंही सांगते. कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि ते प्राण्यांपासून बनतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, बऱ्याच औषधांची साधी गोळी मिळते. चौविहार असेल तर गोळीची वेळ सूर्यास्ताआधी बसवता येईल का ते विचारा, अनेकदा बसते. पण या कारणांनी औषध गुपचूप सोडू नका. डॉक्टरला न सांगता सोडलेली गोळी हे व्रत नव्हे.

अठ्ठेचाळीस मिनिटं देणार कोण?

सामायिक, कायोत्सर्ग, संथ श्वास यांनी मन शांत होतं, हा माझा रोजचा अनुभव आहे. पण एक कडू प्रश्न विचारते. सुनेला "टेन्शन घेऊ नकोस, सामायिक कर" म्हणणाऱ्या घरात तिला सलग ४८ मिनिटं मोकळी कधी मिळतात? पहाटेपासून पाणी उकळणं, नवकारशीवाल्यांचा चहा, मुलांचे डबे, सासऱ्यांची पथ्यं, आणि सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं. तिने ताण घेतलेला नाही, आपण तो वाटून दिला आहे आणि वाटणीत सगळा तिलाच आला आहे. तिच्या सामायिकेच्या वेळात सासूने किंवा मुलाने स्वयंपाकघर सांभाळलं, तर ती सामायिक तिला खरंच औषधासारखी लागेल.

आणि आजार खोल असेल तेव्हा डोळे मिटून एकटं बसवणं उलटही पडतं, तेच काळे विचार फिरत राहतात. अशा वेळी तिच्याजवळ बसा, एखादं स्तवन सोबत म्हणा, अंगणात फेरी मारा. तेवढं पुरतं.

घराजवळच वाट आहे

"खेड्यात कुठे मिळणार हे उपचार?" असं म्हणणाऱ्यांना आपल्याच राज्यातलं उदाहरण देते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलणं, समजावणं, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवणं सुरू केलं. आधी डिप्रेशन असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण सत्तावीसवर गेलं. २०१७ साली याचा अहवाल 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या मासिकात छापून आला. तिथे वाटा पिकांच्या कर्जाने खचलेल्या होत्या, तरी गाव बोलू लागलं. आपला संघ तर त्याहून बांधलेला आहे. आजारी माणसाकडे शाता विचारायला जाण्याची रीत आपल्यात आधीपासून आहे. फक्त विचारायला जावं, सुनवायला नव्हे.

खानदेशात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. ती येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. पण पहिल्या पायरीला तिथवर जावंच लागत नाही. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कोणी बोलू लागलं तर "असं बोलू नये" म्हणून तोंड बंद करू नका. तिला एकटं सोडू नका, हा नंबर लावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पैशाचंही सांगते, शेवटी माझा विषय तोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारासारखाच विमा देणं बंधनकारक केलं आहे. घरातली पॉलिसी काढून वाचा. कायद्याने गुडघा आणि मन एका रांगेत बसवले, आपण कधी बसवणार?

माझं एकच मागणं

या चातुर्मासात संघातल्या प्रत्येक मंडळाने एक नियम करावा. तेल्यापासून पुढच्या कोणत्याही तपासाठी कोणाला उत्साह देण्याआधी बाजूला घेऊन विचारायचं, "बाई, काही औषध सुरू आहे का? डॉक्टरांना विचारलंस का?" आणि ज्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबतात, त्यांचीही तितक्याच मानाने अनुमोदना करायची. महासतीजींना आपण खरी परिस्थिती सांगितली तर त्या कधीच आग्रह करत नाहीत. लपवतो ते आपण घरचे, लग्नं मोडतील म्हणून.

मी पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या घरी जाणार आहे. या वेळी बाहेर चहा घेत बसणार नाही. दार वाजवून आत जाईन, आणि ती हो म्हणाली तर तिच्या पलंगाशेजारी नुसती बसेन.

त्या दिवशी गप्प बसल्याबद्दल, आणि त्या अठाईत टाळ्या वाजवल्याबद्दल, माझ्या त्या दोन्ही मुलींना मनापासून मिच्छामि दुक्कडम्.